हातगुण आणि हातची चूक

‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे,’ हे वाक्य ज्यात कधी उच्चारले गेले नाही असे मराठी घर क्वचितच सापडेल. औषध तेच, मात्रा तीच. परंतु ते अमक्यांच्या हातून घेतले म्हणजे उतार पडतो, अशी ही श्रद्धा आहे. आजाऱ्यास धीर देण्याचे तिचे सामर्थ्य मोठे आहे, आणि म्हणून आम्ही ती हसण्यावारी नेऊ इच्छीत नाही. परंतु या श्रद्धेला दुसरीही एक बाजू आहे व तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ज्याच्या हाताला गुण आहे असे एकदा ठरून गेले, त्याच्या हातून चूक झाली असता ती बोलून दाखवावयाची कोणी? आजाऱ्याच्या माणसांनी दाखविली तर तो कृतघ्नपणा ठरतो. दुसऱ्या डॉक्टराने दाखविली तर तो व्यवसायमत्सर ठरतो. आणि त्या डॉक्टराने स्वतःच ती कबूल केली, तर ज्या विश्वासावर आपला सारा व्यवसाय उभा आहे तो विश्वासच डळमळेल, असे त्यास भय वाटते. अशा रीतीने सर्वांच्या मूक संमतीने चूक झाकली जाते. आणि झाकलेली चूक कोणास काही शिकवीत नाही. ती पुन्हा होते, इतकेच.

रुग्णालयात घडलेल्या चुकीला साक्षीदार तरी असतात. तेथे परिचारिका असते, मदतनीस असतात, कागदपत्रे असतात, शेजारच्या खाटेवरचा आजारीही असतो. घरच्या डॉक्टराची गोष्ट निराळी आहे. तो एकटा तपासतो, एकटा निदान करतो आणि एकटाच औषध लिहून देतो. शिवाय त्याच्यापुढे येणारा रोग बहुधा अर्धवट उमललेला असतो. पहिल्या दिवशीचा ताप हा नुसता ताप. तो हिवताप, विषमज्वर, की मेंदूच्या आवरणाचा दाह, हे कळावयास कित्येकदा दोन-चार दिवस जावे लागतात. तेवढ्यात आजारी बरा झाला तर त्याचे श्रेय हातगुणास मिळते; न झाला तर तो दुसऱ्या डॉक्टराकडे जातो, आणि आपले निदान चुकले होते ही वार्ता पहिल्या डॉक्टराच्या कानी पुष्कळदा पोचतही नाही. पोचली तरी तिचा साक्षीदार एकच, त्याचे स्वतःचे मन. आणि तेथे आरोपी व न्यायाधीश एकच असल्यामुळे खटल्याचा निकाल बहुधा ठरलेला असतो.

घरोघर जाणाऱ्या या वैद्याने आपल्या चुकीकडे कसे पाहिले, ती उघड सांगितली असता त्याचे काय झाले, आणि तिच्यापासून शिकण्याची वाट कोणत्या दिशेने सापडत गेली, याचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

२

वैद्याने सांगितले पाहिजे, ही कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधनाच्या अधिकरणात, वैद्यांसंबंधी एक नियम आढळतो. ज्या दुखण्यात जिवाला धोका आहे त्याची वर्दी न देता वैद्याने उपचार आरंभिले व रोगी दगावला, तर वैद्यास दंड करावा. आणि उपचारातील चुकीमुळे दगावला तर त्याहून मोठा दंड करावा, असा त्याचा आशय आहे. राजाच्या दृष्टीने पाहता नियम चोख आहे. परंतु येथे वर्दी आणि दंड ही एकाच दोरीने बांधली गेली आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही गाठ पुढे शतकानुशतके सुटली नाही, आणि ती सुटेपर्यंत वैद्याने आपण होऊन तोंड उघडावे अशी अपेक्षा करणे म्हणजे मनुष्यस्वभावाकडे पाठ फिरविणे होय.

तरीही काहींनी तोंड उघडले. त्यांतील एक, अलेक्झांडर गॉर्डन, हा स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरी गरिबांसाठी चालविलेल्या दवाखान्याचा वैद्य होता. तत्पूर्वी त्याने आरमारात नोकरी केली होती व लंडनला प्रसूतिशास्त्राचा अभ्यास केला होता. १७८९ च्या डिसेंबरापासून १७९२ च्या मार्चपर्यंत ॲबर्डीनमध्ये सूतिकाज्वराची साथ चालू होती. बाळंतपण सुखरूप पार पडावे, घरात आनंद व्हावा, आणि दोन-तीन दिवसांत बाळंतिणीला थंडी वाजून ताप भरावा, पोट फुगावे व आठवड्याच्या आत सारे आटोपावे, असे या रोगाचे रूप असे. कोणी दूषित हवेस दोष देई, कोणी अंगावरच्या दुधास, कोणी दैवास. गॉर्डनने तर्क लढविण्याऐवजी एक कोष्टक तयार केले. त्याने उपचार केलेल्या ७७ स्त्रियांची नावे, वये, राहण्याची ठिकाणे, दुखण्याची तारीख, बरी झाली की दगावली, असे रकाने त्यात होते. आणि आणखी एक रकाना होता, बाळंतपण कोणी केले याचा. ७७ पैकी २८ स्त्रिया दगावल्या होत्या. परंतु खरी भयंकर गोष्ट त्या बाळंतपणाच्या रकान्याने सांगितली. ज्या सुईणीने वा वैद्याने एका आजारी बाळंतिणीची शुश्रूषा केली, त्यांच्याच हातच्या पुढच्या बाळंतिणींस तो रोग होत गेला होता. जेथे तो हात गेला नाही, तेथे रोगही गेला नाही. आणि त्या रकान्यात गॉर्डनचे स्वतःचे नावही होते.

१७९५ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुष्कळ स्त्रियांपर्यंत हा संसर्ग पोचविण्यास आपण स्वतःच साधन झालो, हे सांगणे आपणास अप्रिय वाटते, परंतु ते सांगितले पाहिजे, अशा आशयाची कबुली त्यात आहे. रोगजंतूंचा सिद्धांत प्रस्थापित होण्यास त्या वेळी सुमारे पाऊणशे वर्षांचा अवकाश होता. त्याआधी केवळ एका प्रामाणिक कोष्टकाच्या बळावर गॉर्डनने आजारी स्त्रीचे कपडे जाळावेत वा धुरी देऊन शुद्ध करावेत, आणि वैद्याने व सुईणीने हात धुवावेत व आपले कपडे धुरी देऊन शुद्ध करावेत, हे उपाय सांगितले. गावाने त्याचे आभार मानले नाहीत. सुईणींची नावे छापल्यामुळे त्या चिडल्या, ज्यांच्या घरच्या स्त्रिया गेल्या होत्या ती माणसे चिडली, आणि गॉर्डनला शहर सोडून पुन्हा आरमाराची चाकरी धरावी लागली. १७९९ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो क्षयाने वारला.

या कथेचा आणखी एक विशेष सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. त्याच ग्रंथात गॉर्डनने या ज्वरावर भरपूर रक्त काढणे हा रामबाण उपाय म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला आहे. म्हणजे ज्याने आपली एक चूक सर्वांपुढे मांडली, त्यास आपली दुसरी चूक दिसलीही नाही. ज्या चुकीचे कोष्टक मांडले ती सापडली. जी मांडली नाही ती गुण म्हणून मिरवत राहिली. केवळ सद्हेतूने चूक दिसत नाही, तिच्यासाठी नोंद लागते, हा धडा यातून निघतो.

३

अटलांटिक महासागराच्या पलीकडे, बॉस्टन शहरातील वैद्यांच्या एका मंडळापुढे १८४३ च्या फेब्रुवारीत ऑलिव्हर वेंडेल होम्स याने याच रोगावर एक निबंध वाचला. निमित्त असे झाले होते की, सूतिकाज्वराने मेलेल्या एका स्त्रीच्या शवाची तपासणी करताना एका वैद्यास जखम झाली व आठवड्याच्या आत तो मरण पावला; परंतु मधल्या दिवसांत त्याने ज्या स्त्रियांची बाळंतपणे केली होती त्यांनाही तोच ज्वर झाला, अशी हकीगत मंडळापुढे आली. होम्सने जुने ग्रंथ चाळले आणि व्यवसायबंधूंकडून त्यांच्या त्यांच्या अनुभवाच्या हकीगती मिळविल्या. ज्यांनी त्या दिल्या त्यांपैकी कित्येकांची नावे त्याने झाकून ठेवली, परंतु हकीगती झाकल्या नाहीत. गॉर्डनने नावे छापली व तो गावास मुकला. होम्सने बरीच नावे गाळली व त्यास हकीगती मिळाल्या. हा भेद लहान दिसतो, पण पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज त्यात आहे.

निबंधाचा निष्कर्ष मात्र सौम्य नव्हता. एकाच वैद्याच्या हातच्या बाळंतिणी एकामागून एक मरू लागल्या, तर ती गोष्ट यापुढे दुर्दैव मानता येणार नाही, अपराध मानावी लागेल, असे त्याने बजावले. यावर फिलाडेल्फिया येथील प्रसूतिशास्त्राचे नामांकित अध्यापक ह्यू हॉज आणि चार्ल्स मेग्ज यांनी पुढे कडाडून विरोध केला. मेग्ज याच्या म्हणण्याचा रोख असा होता की, वैद्य हे सभ्य गृहस्थ असतात, आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छ असतात. ज्याचा अर्थ आपणास कळतो अशा योगायोगास किंवा ईश्वरी इच्छेस हे मृत्यू सोपविलेले बरे. होम्सने १८५५ साली तोच निबंध पुन्हा छापून त्यास उत्तर दिले. मेग्जचे हे विधान मूर्खाचे नव्हते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. आपण ज्यास हातगुण म्हणतो त्याचाच तो विलायती अवतार होता. जो चांगला, तो चुकणार नाही. आणि जो चुकला असे म्हणावे, तो चांगला नव्हे असे म्हणावे लागेल. म्हणून तो चुकलाच नाही.

व्हिएन्ना येथील इग्नाझ सेमेलवाइस याची कथा पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून ती आम्ही थोडक्यात आटोपतो. तेथील मोठ्या इस्पितळात विद्यार्थी शिकत असलेल्या पहिल्या प्रसूतिशाळेत १८४६ साली शेकडा ११ हून अधिक स्त्रिया दगावल्या. सुईणी शिकत असलेल्या दुसऱ्या शाळेत शेकडा ३ हून कमी. शवच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणारे वैद्यांचे हात हेच कारण आहे, हे त्याने ओळखले. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलात शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा २ वर आले. आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली मृत्यूच्या दारी गेल्या हे एक ईश्वरच जाणे, अशा अर्थाची कबुली त्याने पुढे आपल्या ग्रंथात दिली. परंतु न ऐकणाऱ्या व्यवसायबंधूंस तो जाहीर पत्रांतून खुनी म्हणू लागला, आणि खुनी म्हणवून घेऊन शिकावयास कोण बसतो? १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

त्याच सुमारास कील येथे गुस्ताव्ह मिखाएलिस नावाचा प्रसूतिवैद्य होता. सेमेलवाइसचे म्हणणे ज्यांनी आरंभीच मान्य केले अशा मोजक्या लोकांपैकी तो एक. परंतु ते मान्य करताच, ज्या नात्यातल्या स्त्रीचे बाळंतपण आपण केले व जी त्यानंतर ज्वराने गेली, तिला आपल्याच हाताने मृत्यू दिला, हा विचार त्याच्या मनातून हटेना. १८४८ च्या ऑगस्टमध्ये त्याने आत्महत्या केली. मेग्जने सत्य नाकारले व तो मानाने जगला. मिखाएलिसने ते स्वीकारले व तो मेला. चूक कबूल करण्यास फक्त धैर्य लागते असे मानणारांनी या दोन चरित्रांचा विचार करावा. कबुली देणाऱ्यास ती ऐकून घेणारे व तिचे ओझे वाटून घेणारे कोणी नसेल, तर जो जितका प्रामाणिक, तितका तो अधिक चिरडला जातो.

४

याच्या उलट, एका घरच्या डॉक्टराने आपल्या पश्चात्तापाचे ज्ञानात रूपांतर केले, त्याची हकीगत उद्बोधक आहे. जेम्स मॅकेंझी हा १८७९ साली इंग्लंडातील लँकेशर परगण्यात, बर्न्ली या कापडगिरण्यांच्या गावी व्यवसायास आला. गिरणीतील कामगार, त्यांची बायकामुले, गावची बाळंतपणे, असा त्याचा रोजचा रगाडा. अशाच एका बाळंतपणात एक तरुण स्त्री त्याच्या डोळ्यांदेखत हृदयक्रिया बंद पडून मरण पावली. त्या काळच्या ज्ञानाच्या मानाने यात त्याची चूक झाली असे कोणी म्हटले नसते. त्याने ‘ईश्वरी इच्छा’ म्हणून हात धुतले असते तरी चालण्यासारखे होते. परंतु हे आपणास अगोदर कळावयास हवे होते की काय, हा प्रश्न त्याने सोडला नाही. पुस्तके उघडली, तो त्यांत उत्तर नव्हते. हृदयाचा कोणता आवाज, नाडीचा कोणता चुकार ठोका धोक्याचा व कोणता निरुपद्रवी, हे कोणी पाहिलेच नव्हते. कारण इस्पितळातील वैद्यास आजारी चार आठवडे दिसतो, त्याचे पुढे वीस वर्षांनी काय झाले हे फक्त घरच्या डॉक्टरास दिसते.

मॅकेंझीने आपल्या आजाऱ्यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. गावातील एका घड्याळजीच्या मदतीने नाडी व मानेची शीर यांचे स्पंदन एकाच वेळी कागदावर उमटविणारे यंत्र त्याने सिद्ध केले. वर्षानुवर्षे तीच माणसे तपासल्यावर त्यास आढळले की, ज्या अनियमित नाडीमुळे धडधाकट पोरांना खेळ बंद करून अंथरुणात निजविले जात होते, तिचे काही प्रकार अगदी निरुपद्रवी आहेत. आणि ज्यांकडे कोणी पाहत नव्हते अशी काही लक्षणे खऱ्या धोक्याची आहेत. म्हणजे एका मृत्यूचा शोध घेता घेता, ज्यास कोणीच चूक म्हणत नव्हते अशी एक सार्वत्रिक चूक त्यास सापडली. १९०२ साली नाडीवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०७ साली तो लंडनला गेला व जगप्रसिद्ध झाला. परंतु १९१९ साली त्याने सेंट अँड्र्यूज या लहान गावी संशोधनसंस्था काढली ती गावच्या सामान्य डॉक्टरांस हाताशी धरूनच. रोगाची सुरुवात पाहणारा डॉक्टर नोंद करीत नाही तोवर वैद्यक अर्धे आंधळेच राहणार, हे त्याचे सांगणे होते. १९२५ साली तो हृद्रोगानेच वारला, आणि त्याच्या इच्छेनुसार त्याच्या स्वतःच्या हृदयाची तपासणी सहकाऱ्यांनी केली. स्वतःच्या मरणातूनही कोणी काही शिकावे, याहून अधिक सुसंगत शेवट कोणता?

तथापि मॅकेंझी अपवाद होता. त्याच्याजवळ चिकाटी होती, आणि त्याच्यावर कोणी फिर्याद केली नव्हती. जेथे फिर्याद होते तेथे काय घडते, हे पाहण्यास आपल्या मुंबईतील एक प्रकरण पुरेसे आहे. ते घरच्या डॉक्टराचे नव्हे, परंतु चौकशीचा रोख चुकला म्हणजे शिकणे कसे लांबते, हे त्यात स्वच्छ दिसते. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने मेली. सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचली होती, आणि ती परळच्या प्रयोगशाळेत वॉल्डेमार हाफकिन याच्या देखरेखीखाली तयार झाली होती. लस बनविण्याच्या रीतीत त्याने कार्बॉलिक आम्ल वगळले होते, यावर बोट ठेवण्यात आले व त्यास कामावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साधी हकीगत असताना तिला तिचे वजन मिळण्यास वर्षे लागली. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठविला तेव्हा १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाला; पण मुंबईतील आपल्या जुन्या जागी तो परत आला नाही. १९२५ साली त्या प्रयोगशाळेस त्याचे नाव देण्यात आले. ‘कोणी केले?’ या एका प्रश्नापायी ती वर्षे गेली. ‘कसे घडले?’ हे प्रथम विचारले असते, तर जमिनीवर पडलेल्या चिमट्याचा धडा प्रत्येक टोचणाऱ्यास लगोलग मिळाला असता.

५

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्दी आणि दंड यांची जुनी गाठ हळूहळू सैल होऊ लागली. इंग्लंड व वेल्स येथे १९५२ पासून प्रत्येक मातृमृत्यूची गोपनीय चौकशी सुरू झाली. डॉक्टर व सुईणी यांनी हकीगत लिहावी, नावे काढून टाकून जाणत्यांनी ती वाचावी, आणि शिकण्यासारखे असेल ते सर्वांसाठी छापावे, अशी ही पद्धत. गॉर्डनचे कोष्टक व होम्सचा नावांविषयीचा संकोच यांचा येथे मिलाफ झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९७६ साली अमेरिकेत वैमानिकांसाठी अशीच व्यवस्था झाली. वैमानिकाने आपली चूक शिक्षा करणाऱ्या खात्यास न कळविता ‘नासा’ या त्रयस्थ संस्थेस कळवावी. जाणूनबुजून केलेले वा गुन्ह्याच्या स्वरूपाचे कृत्य नसेल, तर अशा निवेदनाबद्दल त्यास दंडातून सूट मिळावी, असे ठरले. सांगणारे पुष्कळ निघाले, कारण सांगण्याची किंमत कमी झाली.

वैद्यकाने हे लवकर उचलले नाही. १९८३ साली नील मॅकिंटायर हा वैद्य व कार्ल पॉपर हा तत्त्वज्ञ यांनी मिळून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की, जुनी नीती अधिकारावर उभी आहे. अधिकारी पुरुषाने चुकता कामा नये, म्हणून त्याची चूक झाकावी लागते. नवी नीती हवी असेल तर चूक ही शोधून काढण्याची वस्तू मानली पाहिजे. दुसऱ्याच महिन्यात, १९८४ च्या जानेवारीत, डेव्हिड हिल्फिकर या अमेरिकन घरच्या डॉक्टराने बॉस्टनच्या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात आपली एक चूक सही करून छापली. मिनेसोटा प्रांताच्या खेडवळ भागात त्याचा व्यवसाय होता. एका गर्भवतीच्या तपासण्या पुनःपुन्हा नकारार्थी आल्या. ध्वनिलहरींची तपासणी दूरच्या शहरी होत असे व ती खर्चाची होती. गर्भ मृत आहे असे समजून त्याने तो काढला, आणि तो जिवंत होता असे निष्पन्न झाले. त्याने ते त्या दांपत्यास सांगितले, आणि पुढे जगास सांगितले. डॉक्टर चुकणारच असेल, तर त्या चुकीचे दुःख घेऊन त्याने जावे कोठे, अशी एकही जागा आमच्या व्यवसायाने ठेवलेली नाही, ही त्याची तक्रार होती. मिखाएलिसच्या मृत्यूनंतर १३६ वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला होता.

इंग्लंडात माइक प्रिंगल व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली घरच्या डॉक्टरांसाठी एक सोपी रीत मांडली. दवाखान्यात काही विशेष घडले, मग ते वाईट असो की चांगले, तर डॉक्टर, परिचारिका व बाहेर नावे नोंदविणारी बाई या सर्वांनी एकत्र बसावे, घडले कसे ते बोलावे आणि पुढे काय बदलावे ते ठरवावे. पुढे अमेरिकेत ४२ कुटुंबवैद्यांना आपल्या व्यवसायातील चुका निनावी कळविण्यास सांगण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ३४४ निवेदने आली. त्यांपैकी २८४ चुका कामाच्या रीतीतल्या निघाल्या. ज्ञानाच्या वा कौशल्याच्या उणिवेतून झालेल्या ४६ च होत्या. रक्ताच्या तपासणीचा कागद न वाचताच फायलीत जाणे, एकाचा कागद दुसऱ्याच्या नावावर चढणे, निरोप न पोचणे, औषधाची मात्रा चुकीची लिहिली जाणे, असल्या त्या गोष्टी होत्या. आपली विद्या उघडी पडेल या भयाने डॉक्टर गप्प बसतो. पण सांगावयास बसल्यावर असे दिसते की, बहुतेक वेळा उघडी पडते ती विद्या नव्हे, व्यवस्था.

एवढे होऊनही सर्वत्र प्रकाश पडला असे मात्र नाही. इंग्लंडात २००३ साली साऱ्या देशासाठी चुकांच्या नोंदीची व्यवस्था झाली, तेव्हा इस्पितळांकडून लक्षावधी निवेदने आली, आणि घरच्या डॉक्टरांकडून आलेली त्यांत नगण्य होती. कारणे शोधण्यास दूर जावयास नको. कोर्टाची भीती, आजारी तुटण्याची भीती, व्यवसायबंधूंत हसे होण्याची भीती, वेळेचा अभाव. आणि सर्वांत घातक म्हणजे, कळवून काय होणार, उत्तर तर कोणी पाठवीत नाही, ही निराशा. ज्या विहिरीत टाकलेल्या दगडाचा आवाज येत नाही तीत माणूस दुसरा दगड टाकीत नाही.

६

आपल्याकडे काय स्थिती आहे? १९८६ च्या ग्राहकसंरक्षण कायद्याखाली मोल घेऊन केलेली वैद्यकीय सेवा येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २०१९ साली त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. केवळ घोर निष्काळजीपणाच फौजदारी गुन्हा ठरावा, आणि डॉक्टरावर कारवाई करण्यापूर्वी तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे त्याच न्यायालयाने २००५ साली सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हे कायदे नकोत असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे माणूस गेले त्यास दाद मागण्याचा हक्क असलाच पाहिजे. परंतु दंडाची वाट जशी बांधून काढली, तशी शिकण्याची वाट आपण बांधली नाही. चूक झालेल्या डॉक्टराने वकिलाकडे जावे हे त्यास ठाऊक असते. व्यवसायबंधूंकडे जावे असे ठिकाण त्यास क्वचितच ठाऊक असते. केरळात तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघाने २००४ साली मातृमृत्यूंची गोपनीय तपासणी सुरू केली आणि तिचे निष्कर्ष छापले. जे तेथे बाळंतपणाच्या बाबतीत साधले, ते येथे तापखोकल्याच्या दवाखान्यांत का साधू नये?

याला आमच्याच परंपरेत आधार आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषा सांगितली आहे; म्हणजे एकच विद्या जाणणाऱ्यांनी आपसात केलेली चर्चा. तिचे दोन प्रकार आहेत: एक स्नेहाने केलेली, दुसरी जिंकण्यासाठी केलेली. आज चुकीविषयी जी चर्चा होते ती बहुतेक दुसऱ्या प्रकारची, म्हणजे कोर्टातील. पहिल्या प्रकारची चर्चा महिन्यातून एकदा चार-पाच शेजारच्या डॉक्टरांनी एखाद्या दवाखान्यात दार लावून केली, तर तिला ना कायद्याची परवानगी लागेल, ना सरकारच्या पैशाची. मात्र दार लावावयाचे ते हसणाऱ्यांसाठी; ज्याला इजा झाली त्या आजाऱ्यासाठी व त्याच्या माणसांसाठी नव्हे. त्यांना सत्य सांगितलेच पाहिजे. हिल्फिकरने प्रथम त्या दांपत्यास सांगितले, मग जगास. हा क्रम उलटला तर गोपनीयता ही झाकपाकीचेच दुसरे नाव ठरेल.

आणि आमचे, आजाऱ्याच्या माणसांचे, काय कर्तव्य? डॉक्टर येऊन ‘परवाचे माझे निदान चुकले, औषध बदलू या,’ असे म्हणाला, तर आपण काय करतो? बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशी दुसरा डॉक्टर येतो. ज्याने चूक सांगितली त्यास आपण सोडतो आणि ज्याने झाकली त्याच्या हातगुणाची ख्याती पसरवितो. मग डॉक्टर गप्प का, असे आपणच विचारतो. हात तोच गुणाचा, जो आपली चूक मोजतो. गॉर्डनने ती कोष्टकात मोजली, मॅकेंझीने वहीत मोजली. तशी वही आपल्या गल्लीतील दवाखान्याच्या टेबलावर ठेवली जावी असे वाटत असेल, तर ती उघडण्याची भीती त्या डॉक्टरास वाटणार नाही एवढी तजवीज आपणांसही केली पाहिजे.